भाजीची पेटी घेताय की शेतातला वाटा?

पेटीचं सबस्क्रिप्शन घ्या किंवा सीएसएत शेतातला वाटा घ्या, दर आठवड्याला ताज्या भाजीची पेटी येते, म्हणून दोन्ही योजना सारख्याच वाटतात. फरक असा की पहिलीत आपण गिऱ्हाईक असतो आणि दुसरीत वाटेकरी.

पेटीचं सबस्क्रिप्शन सरळ आहे. पुरवठादार बऱ्याचदा अनेक शेतांतून माल गोळा करून घरपोच देतो. एकाचं पीक गेलं तर दुसऱ्याचा माल येतो, गावाला जायचं असेल तर आठवडा वगळता येतो. सोय हवी असेल तर हीच योजना घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर), म्हणजे लोकांच्या पाठबळावरची शेती, पैशांच्या वेळेपासूनच वेगळी पडते. वाट्याचे पैसे साधारणपणे हंगामाआधी भरायचे असतात, कारण बियाणं, खत, मजुरी हा शेतकऱ्याचा खर्च आधी येतो आणि हातात पैसा तोडा सुरू झाल्यावर. मधल्या महिन्यांसाठी एरवी कर्ज काढावं लागतं, ते सभासदांच्या पैशांमुळे टळू शकतं. बदल्यात जे पिकेल त्यातला वाटा मिळतो. पीक जोमात आलं तर टोपली ओसंडते. गारपीट झाली, कीड पडली तर ती हलकी होते आणि तो तोटा सगळे मिळून सोसतात. हे आधी कुणी सांगितलं नाही की नवे सभासद नाराज होतात, आणि मला ती नाराजी रास्त वाटते.

जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने अशीच भागीदारी रुजली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मने आणि न्यू हॅम्पशायरमधल्या टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्मने सुरुवात केली. टेम्पल-विल्टनची पद्धत मला फार भावते: शेताचा वर्षाचा खर्च सभासदांपुढे मांडतात आणि प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे रक्कम कबूल करतो. तिथे भाजीला भाव लावतच नाहीत, शेत चालवण्याचा खर्च वाटून घेतात.

हल्ली साध्या पेटीलाही सीएसए म्हटलं जातं. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: माल कोणत्या शेतातला, बाहेरून किती आणता, पीक बुडालं तर काय? शेत बघायला येऊ का, हेही विचारा. आणि घरात नेमकी ठरलेलीच भाजी लागत असेल, तर पहिल्या हंगामात अर्धा वाटा मिळतो का पाहा. एकाच भाजीचा तोडा सलग तीन-चार आठवडे येऊ शकतो, तो संपवताना आपलं स्वयंपाकघर किती जुळवून घेतं ते त्यात कळेल.