जागा सुटल्यावर ‘मी’चे काय होते?

माणूस एका ठिकाणाहून दुसरीकडे राहायला जातो तेव्हा स्वतःची ओळख तो सोबत घेऊनच जातो, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात या ओळखीचा बराच भाग ओळखीच्या रस्त्यांत, शेजाऱ्यांत आणि रोजच्या भाषेत गुंतलेला असतो आणि तो गाठोड्यात बांधता येत नाही.

बोस्टनमधील वेस्ट एंड ही जुनी कामगार वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस गलिच्छ ठरवून पाडण्यात आली. तेथील रहिवाशांशी बोलून मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये जे निष्कर्ष मांडले ते नगररचनाकारांना अनपेक्षित होते, कारण जवळचे माणूस गेल्यावर व्हावा तसा शोक अनेकांना झाला होता आणि वस्तीबरोबर आपलेही काहीतरी गेले, असे लोक सांगत होते. ज्यांचा वावर घरापुरता नव्हता, ज्यांना वस्तीचा कानाकोपरा ठाऊक होता, त्यांचे दुःख अधिक होते. नुसत्या घराच्या बदल्यात घर देऊन पुनर्वसन पुरे होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

भाषेचेही तसेच आहे. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या रशियन-इंग्रजी द्वैभाषिकांना मानसशास्त्रज्ञ व्हिओरिका मारियन आणि उलरिक नाइसर यांनी आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तेव्हा रशियनमधून विचारल्यावर रशियन बोलण्याच्या काळातील आठवणी अधिक आल्या. जुनी भाषा कानावर पडेनाशी झाली की आयुष्याचा तो भाग पुसला जात नाही, पण त्याच्याकडे जाणारी वाट अवघड होते.

उलट, परदेशी वास्तव्यामुळे ‘आपण कोण आहोत’ हे अधिक स्पष्ट होते, असे संशोधक हायो अ‍ॅडम आणि सहकाऱ्यांना २०१८ मध्ये आढळले. कोणती मूल्ये खरोखर आपली आणि कोणती केवळ वाढलो तिथली, हा प्रश्न परक्या समाजात टाळता येत नाही. शिवाय किती देश पाहिले यापेक्षा किती काळ राहिलो हे महत्त्वाचे ठरले. हा निष्कर्ष दिलासा देणारा असला तरी, स्वतःहून निघालेल्यांचा हा अनुभव हुसकावून लावलेल्यांना लावणे मला रास्त वाटत नाही.

आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा धरणामुळे १९५० च्या दशकात सुमारे ५७,००० टोंगा लोक विस्थापित झाले. मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी त्यांचा कित्येक दशके मागोवा घेतला. विस्थापित माणसे सुरुवातीला जुन्या रीती, जुने सोबती आणि जुनी पिके घट्ट धरून ठेवतात, असे स्कडर यांनी मांडले. अधिकाऱ्यांना हा हटवादीपणा वाटतो. पण सगळेच हातून निसटत असताना जे टिकवता येईल ते टिकवण्याची ही रीत आहे. पोटापाण्याची सोय लागून धास्ती ओसरली की ती आपोआप सैल होते आणि लोक नव्या ठिकाणच्या टेकड्यांना, ओढ्यांना स्वतःची नावे देऊ लागतात.