सोलापुरी चादरीला कात्री लावताना

सोफ्याला कव्हर शिवून घ्यायला येणाऱ्या बायका आमच्याकडे बऱ्याचदा कापडही घरूनच आणतात. ते कापड म्हणजे लग्नाच्या आहेरात आलेली आणि वर्षानुवर्षं कपाटात घडीवर राहिलेली चादर. ती टेबलावर पसरली की कात्री उचलताना माझा हात आजही थांबतो. चादर कापण्यासाठी विणलेलीच नसते. कडेने काठ, मधोमध मोर किंवा फुलांची नक्षी. मागावरून उतरते तीच पुरी होऊन. मापाची खोळ मात्र कापल्याशिवाय होत नाही. कापड पसरण्याची रीत आणि कापून अंगाबरोबर बसवण्याची रीत, या दोन्ही आपल्या सोलापुरात कशा एकत्र आल्या, त्याची ही पार्श्वभूमी.

खोळ आपल्याला नवी नाही. गादीला खोळ, उशीला अभ्रा, तंबोऱ्याला गवसणी. आतली महागाची वस्तू मळू नये आणि वरचं काढून धुता यावं, हा सगळ्यांचा हेतू. युरोपात 17व्या-18व्या शतकात श्रीमंतांच्या खुर्च्यांना रेशमी कापड खिळ्यांनी ठोकून बसवत. ते धुता येत नसे, म्हणून रोजच्या वापराला चौकड्यांच्या सुती किंवा लिननच्या सैल खोळी चढवत आणि बडे पाहुणे आले की उतरवून ठेवत. पुढे खोळींसाठी फुलाफुलांचं छापील सुती कापड लोकप्रिय झालं. त्याचं इंग्रजी नाव चिंट्झ, आणि ते आपल्याकडच्या छीट या शब्दावरूनच गेलं. भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून येणाऱ्या या छापील कापडाने इंग्लंडमधल्या विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा इंग्लंडने 1721 साली कायदा करून असं कापड अंगावर घालायला आणि घरातल्या सामानालाही वापरायला मनाई केली. ती 1774 मध्ये उठली. एका खोळीच्या कापडापायी पार्लमेंटला कायदा करावा लागला, हे वाचल्यापासून मी या कामाकडे किरकोळ शिलाई म्हणून पाहू शकत नाही.

आपल्या घरांत मात्र सोफा फार उशिरा आला. त्याआधी बैठक होती: गादी, तक्के, लोड. ज्याला लोडाचा अभ्रा नीट शिवता येतो त्याला सोफ्याचा गोल हात अवघड जात नाही, असं माझं ठाम मत आहे. लोडाच्या गोल तोंडावर सरळ पट्टी बसवायची तर कडेला बारीक कातरे द्यावे लागतात, नाहीतर चुण्या पडतात. सोफ्याच्या हाताला नेमकं हेच करायचं असतं.

सोलापूरकडे कापड आलं ते तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांबरोबर. शहराच्या पूर्व भागात आजही गल्लीत तेलुगू ऐकू येते, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. 1860 साली रेल्वे आली आणि कापसाला, सुताला वाट मोकळी झाली. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले, पण माग थांबले नाहीत. लुगडी विणणारे हात चादरीकडे वळले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. 2005-06 मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे हे नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं.

चादरीवरचा मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. हे काम जॅकार्डचं. जोसेफ मारी जॅकार या फ्रेंच माणसाने 1804 च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मागावर एकेक करून पुढे सरकतात, आणि भोक आहे की नाही यावर ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. चादर उलटी करून पाहा. सुलट बाजूला जिथे लाल आहे तिथे उलट बाजूला पांढरा दिसतो, आणि मोर दोन्हीकडे उभा असतो. म्हणून या कव्हरला उलटी बाजू नाही. सहा महिने एक रंग, मग पालटून दुसरा, असं माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी केलं आहे.

पण कात्री लागली की खरी कसोटी. वीण जाड आणि सूत मोकळं, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे बघता बघता सुटतात. म्हणून कापण्याआधी खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना टिपा मारायच्या आणि मग मधून कापायचं. त्याही आधी चादर रात्रभर पाण्यात भिजवायची, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गडद लाल रंग सुटतो. एकदा घाईत मी हे केलं नाही. पहिल्या धुण्यानंतर कव्हर सोफ्यावर चढेना, आणि त्या बाईंच्या आईने दिलेली चादर वाया गेली. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

मोर पाठीच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. आधी मध्य धरायचा, मग दोन्हीकडे मापं घ्यायची. बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत खोचायला वीतभर कापड जास्त ठेवायचं, नाहीतर माणूस बसला-उठला की कव्हर वर सरकतं. काठ फेकायचा नाही. तो खालच्या झालरीला लावला की वेगळी पट्टी शिवावी लागत नाही.

टेरी टॉवेलही या कामात येतो. त्याच्या विणीत ताणे दोन असतात. एक ताठ, दुसरा सैल. सैल ताण्याचेच ते फुगीर फासे. लहान मुलं असलेल्या घरात सोफ्याच्या हातांवर टाकायला मी टॉवेलच सुचवते. सांडलेलं दूध तो पटकन शोषतो.

उरलेले तुकडे शेजारच्या मावशी घेऊन जातात. त्या घरी कन्नड बोलतात आणि गोधडीला कौदी म्हणतात. समोरच्या तेलुगू घरात तिलाच बोंता म्हणतात. परवा मावशींनी पसरलेल्या कौदीत, जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये, मला एक ओळखीची मान दिसली. गेल्या दिवाळीत सोफ्याच्या हाताला न बसलेला मोराचा तुकडा होता तो, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या धावदोऱ्याच्या सात ओळी.