शोधाच्या चौकटीचा भाव

२ सप्टेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमधल्या मक्तेदारीच्या खटल्यात गुगलवर कोणती बंधनं घालायची याचा निकाल दिला. चर्चा झाली ती गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकावा लागणार का, याची. विकावा लागला नाही. पण खटल्याचं मूळ क्रोममध्ये नव्हतंच. फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर समोर येणाऱ्या शोधाच्या चौकटीमागे आपलंच सर्च इंजिन असावं, यासाठी गुगल इतरांना जे पैसे देतं, त्यावर हा खटला उभा होता. एकट्या २०२१ साली ही रक्कम २६.३ अब्ज डॉलर होती.

एके काळी याच चौकटीला कोणी विचारत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळ्यांना पोर्टल व्हायचं होतं. याहू, एक्साइट, लायकॉस, इन्फोसीक या सगळ्यांचा हिशोब एकच: माणूस आपल्याच पानांवर रेंगाळला पाहिजे, तिथंच बातम्या वाचल्या पाहिजेत, मेल बघितली पाहिजे, म्हणजे बॅनर जाहिराती त्याच्या नजरेखालून जातील. शोध चांगला असेल तर माणूस दोन सेकंदांत दुसऱ्याच्या साइटवर निघून जाणार, मग आपल्याला त्यातून काय? म्हणून याहूने शोध बाहेरूनच घेतला. १९९६ मध्ये अल्टाव्हिस्टाकडून, १९९८ मध्ये इंकटोमीकडून आणि २००० च्या जूनमध्ये गुगलकडून. एक्साइटला तर १९९९ साली अख्खं गुगल दहा लाख डॉलरच्या आत मिळत होतं. त्यांनी ते घेतलं नाही आणि २००१ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेले.

सर्वांत हळहळ वाटावी अशी गत अल्टाव्हिस्टाची. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीने १९९५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या यंत्रांची ताकद दाखवायला ते सुरू केलं आणि त्या काळी त्याच्या तोडीचं फारसं काही नव्हतं. मग डिजिटल कॉम्पॅक या दुसऱ्या संगणक कंपनीकडे गेली, १९९९ मध्ये सीएमजीआय या इंटरनेट कंपनीने अल्टाव्हिस्टातला ८३ टक्के हिस्सा सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतला, आणि प्रत्येक नव्या मालकाने त्याचं पोर्टल करायचा घाट घातला. २००३ साली ते विकलं गेलं तेव्हा किंमत ठरली १४ कोटी डॉलर.

पोर्टलचा ताप आपल्याकडेही होता. मुंबईच्या राजेश जैन यांचं इंडियावर्ल्ड सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेतल्याची घोषणा १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. समाचार, खेल, बावर्ची या साइटबरोबर त्यात ‘खोज’ नावाची भारतीय साइटची सूचीही होती. पण एवढे पैसे मोजले गेले ते शोधासाठी नव्हे, पोर्टलसाठी.

शोधातून पैसा कसा काढायचा, हे आधी सुचलं ते गुगलला नाही. कॅलिफोर्नियात पॅसाडीना इथं बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम काढलं. तिथं निकालातल्या जागांचा उघड लिलाव होता. एखाद्या शब्दावर जो जास्त बोली लावेल तो वर. पैसे जाहिरात दिसल्याचे नाहीत, तर कोणी क्लिक केलं तरच. कोणी किती बोली लावली आहे, हेही निकालाशेजारी छापलेलं असायचं. शोध म्हणजे पवित्र काम मानणाऱ्या मंडळींनी नाकं मुरडली, पण पैसा तिथंच होता. ‘वकील’ किंवा ‘विमा’ शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे बॅनरवाल्याला कधीच कळत नव्हतं. इथं तो माणूस स्वतःच टाइप करून सांगत होता.

२००१ मध्ये गोटूचं नाव ओव्हरचर झालं आणि त्याच वर्षी या लिलावाच्या पद्धतीवर पेटंटही मिळालं. गुगलने २००२ च्या फेब्रुवारीत हीच कल्पना आपल्या जाहिरातसेवेत, म्हणजे अ‍ॅडवर्ड्‌समध्ये आणली, पण एक बदल करून. नुसती बोली नाही, तर बोली गुणिले क्लिक होण्याचं प्रमाण. समजा एकाची बोली १ डॉलर आहे आणि शंभरातला एकच जण त्याच्या जाहिरातीवर क्लिक करतो. दुसऱ्याची बोली ५० सेंट, पण पाच जण क्लिक करतात. शंभर वेळा दाखवल्यावर पहिल्याकडून १ डॉलर मिळतो, दुसऱ्याकडून अडीच. गुगलने दुसऱ्याला वर बसवलं. त्याने कमाई वाढली आणि शोधणाऱ्यालाही कामाची जाहिरात दिसू लागली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही युक्ती.

ओव्हरचरने एप्रिल २००२ मध्ये पेटंटचा दावा ठोकला. पण त्याहून मोठा तडाखा बसला मे महिन्यात. तोवर ओव्हरचरच्या जाहिराती दाखवणाऱ्या एओएल या बड्या इंटरनेट कंपनीला गुगलने किमान उत्पन्नाची हमी आणि आपल्या शेअर्सवर हक्क देऊन ओढून नेलं. शोधाच्या चौकटीची जागा मोठ्या रकमेला विकत घेण्याचा पायंडा इथं पडला, असं म्हणायला हरकत नाही.

याहूला आता जाग आली. २००३ मध्ये त्यांनी २३.५ कोटी डॉलरना इंकटोमी घेतलं, मग १.६ अब्जांना ओव्हरचर, आणि ओव्हरचरने नुकतंच गिळलेलं अल्टाव्हिस्टाही त्याच्याबरोबर आलं. २००४ च्या फेब्रुवारीत गुगलला रजा मिळाली. तोवर जवळपास चार वर्षं याहूच्या पानांवर लाखो लोकांनी गुगलचे निकाल वापरून झाले होते. पेटंटचा वादही त्याच ऑगस्टमध्ये, गुगलचा शेअर बाजारात यायच्या तोंडावर, २७ लाख शेअर देऊन मिटला.

पुढचं थोडक्यात. १ फेब्रुवारी २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने याहूसाठी ४४.६ अब्ज डॉलरची बोली लावली, याहूने ती नाकारली. दीड वर्षाने याहूने आपला शोध दहा वर्षांच्या कराराने मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनकडे सोपवला. २०१७ मध्ये व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने याहूचा मुख्य धंदा घेतला, तो साडेचार अब्जांच्याही आत.

गुगलने मात्र माणूस शोधापर्यंत ज्या दारांनी येतो, त्या दारांवर लक्ष ठेवलं. टूलबार, फायरफॉक्स, २००५ पासून अ‍ॅपलच्या सफारीबरोबर कमाईची वाटणी, मग स्वतःचं अँड्रॉइड आणि २००८ मध्ये क्रोम. २०२२ साली एकट्या अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर गेले. अमेरिकी न्याय विभागाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये खटला भरला तो यावरूनच. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी साक्षीत सांगितलं की आयफोनवरची जागा मिळवायला मायक्रोसॉफ्ट दरवर्षी अब्जावधींचा तोटा सोसायला तयार होती.

गुगलचा बचाव असा, की लोक आम्हाला निवडतात कारण आम्ही चांगले आहोत. तो पोकळ नव्हता. २०१४ मध्ये फायरफॉक्सने अमेरिकेत याहूला डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून बसवलेलं सर्च इंजिन, केलं, तर बरेच लोक सेटिंग बदलून गुगलवर परतले. पण उलट पुरावाही समोर आला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग डिफॉल्ट आहे आणि तिथं सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होतात. इतरत्र बिंगला कोण विचारतं? मेहतांनी दोन्ही तोलून ५ ऑगस्ट २०२४ रोजी गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली.

भारतात स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटींचा दंड केला होता, आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या अटींबद्दल १,३३७.७६ कोटींचा. त्यानंतर नव्या अँड्रॉइड फोनवर डिफॉल्ट सर्च इंजिन निवडायची सोय देऊ, असं गुगलने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलं.

सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ‘फक्त आमचंच’ अशा अटीचे करार बंद केले आणि शोधाची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. पैसे देऊन जागा घेण्यावर मात्र बंदी आली नाही. ती आली असती तर फायरफॉक्सच्या अस्तित्वावरच बेतेल, असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने न्यायालयात सांगितलं होतं. निकालाचा हात सैल राहिला याचं एक कारण एआयमुळे उभी राहिलेली नवी स्पर्धा. अ‍ॅपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी मे महिन्यात साक्ष दिली, की सफारीतले शोध पहिल्यांदाच घटले आहेत. त्या दिवशी गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटचा शेअर ७ टक्क्यांहून जास्त आपटला. ऑगस्टमध्ये पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीने क्रोमसाठी साडेचौतीस अब्जांची ऑफर दिली. निकालानंतर ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने अ‍ॅटलस नावाचा स्वतःचा ब्राउझर काढला, आणि त्यात काही टाइप केलं की ते जातं चॅटजीपीटीकडे.