रिफर्बिश्ड की सेकंड हँड? दोन्ही जुनेच, पण जादाचे पैसे कशाचे देताय ते बघा

बारा-तेरा हजारात बरा फोन बघायचा म्हणून माणूस सांगलीत हरभट रोडला नाहीतर विश्रामबागेत एखाद्या दुकानात शिरतो आणि काउंटरवर एकाच मॉडेलचे दोन पीस समोर येतात. एक समजा साडेदहाला, कडेला घासलेला, "सेकंड हँड आहे, चालू कंडिशन". दुसरा साडेबाराला, चकाचक, नवं खोकं, "हा रिफर्बिश्ड, नव्यासारखाच". बहुतेक जण चकाचकवाला उचलतात. कधी कधी बरोबरच करतात, पण बऱ्याचदा ते दोन हजार नुसत्या बॉडीचे आणि खोक्याचे गेलेले असतात.

सेकंड हँडचा हिशोब सरळ आहे. एकानं वापरला, तुम्ही घेतला, जसा आहे तसा. आत काय बरं काय वाईट ते कुणी बघितलेलं नसतं, बॅटरी जेवढी उरलीय तेवढी, आणि दुकानदार फार तर दोन-चार दिवसांची चेकिंग वॉरंटी देतो, ती पण तोंडी. रिफर्बिश्ड म्हणजे तो फोन कुणीतरी तपासून घेतला, खराब होतं ते बदललं, आधीच्या मालकाचा डेटा पुसला, ग्रेड लावला आणि लेखी वॉरंटी दिली. अ‍ॅमेझॉन रिन्यूडसारख्या ठिकाणी ही वॉरंटी सहा महिन्यांची तरी असते. म्हणजे वरचे दोन हजार हे तपासणीचे आणि वॉरंटीचे. बिलावर वॉरंटी नाही आणि काय तपासलं ते विचारल्यावर "एकदम ओके पीस आहे, बिनधास्त न्या" एवढंच उत्तर येत असेल, तर तो सेकंड हँडच, फक्त पुसून ठेवलेला. पाटीवर काय पण लिहिता येतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, यात काय काय बदललंय? बरा दुकानदार सरळ सांगतो, बॅटरी बदललीय, चार्जिंग जॅक बदललाय, फोल्डर (डिस्प्ले आणि टच एकत्र) कंपनीचाच आहे. चार वर्षं जुना फोन, एक ओरखडा नाही आणि म्हणे काहीच बदललं नाही, असं असेल तर माझ्या डोक्यात पहिली शंका येते की बॉडी बदललीय आणि ज्यानं बॉडी बदलली त्यानं आत काय केलंय ते तो सांगणार नाही. आपल्याकडं म्हैस घेताना धार काढून बघतात, फोन मात्र वरनं बघून घेतात.

आता हा फोल्डर. सगळ्यात जास्त खेळ इथंच होतो, कारण अ‍ॅमोलेड स्क्रीन (हिच्यात काळ्या भागातला उजेड पूर्ण बंद होतो) फुटली की कंपनीचा फोल्डर एवढा महाग पडतो की जुन्या फोनच्या किमतीत तो बसत नाही, मग स्वस्तातला एलसीडी टाइप कॉपी फोल्डर बसवतात आणि फोन पुन्हा "नव्यासारखा" होतो. दुकानात हे ओळखता येतं. एक पूर्ण काळा फोटो आधीच सेव्ह करून न्या किंवा तिथंच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, तो फुल स्क्रीन करा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि फोन काउंटरच्या खाली अंधारात धरा, वरनं हात आडवा लावा. खऱ्या अ‍ॅमोलेडवर काळं म्हणजे काळंच दिसतं, स्क्रीन बंद आहे का काय असं वाटतं. कॉपी असेल तर राखाडी-निळसर उजेड झिरपत असतो, कडेनं जास्तच. दुसरी खूण म्हणजे ज्या मॉडेलचा फिंगरप्रिंट स्क्रीनच्या आत आहे त्याचा फिंगरप्रिंट अशा फोल्डरवर चालत नाही. तेव्हा दुकानदार म्हणतो, "घरी जाऊन सेट करून घ्या". नाही, तिथंच सेट करायचा, अंगठा लावून चार वेळा उघडून बघायचा.

सेकंड हँडमध्ये उलटा प्रकार असतो. फोल्डर ओरिजिनलच असतो, पण वापरून थकलेला. पांढरा आणि फिक्कट राखाडी फोटो लावून बघा, खाली कीबोर्डची नाहीतर वर स्टेटस पट्टीची पुसट छाया दिसली तर ती जाणार नाही. उभी हिरवी रेघ तर लांबनंच दिसते, अ‍ॅमोलेडवाल्या बऱ्याच जुन्या फोनना हा रोग लागलेला आहे. छाया हलकी असेल तर किंमत पाडून घ्यायला माझी हरकत नाही, रेघ असेल तर फोन खाली ठेवा.

बॅटरीचं पण तसंच. सेकंड हँडमध्ये ती जुनी असणार हे धरून चाला आणि बदलायचा खर्च किमतीत आधीच मिळवा. रिफर्बिश्डमध्ये नवी टाकली म्हणतात, ठीक आहे, पण कोणती? आयफोनला हे सोपं आहे. सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट मध्ये गेलं की पार्ट बदलला असेल तर तिथं दिसतं आणि तो कंपनीचा नसेल तर "अननोन पार्ट" लिहून येतं. बॅटरीचं आयफोन एक्सआर, एक्सएसपासून पुढं दिसतं, स्क्रीनचं ११ पासून. बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायला आलीय. अबाउटमध्येच मॉडेल नंबर बघा, पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा म्हणून विकला गेलेला, एफ म्हणजे खुद्द अ‍ॅपलनं रिफर्बिश केलेला, एन म्हणजे कुणाला तरी बदलून दिलेला. दुकानात रिफर्बिश्ड म्हणून मिळणाऱ्या आयफोनवर एम दिसला तर दचकू नका, त्याचा अर्थ एवढाच की रिफर्बिशिंग बाहेरच्या कुणीतरी केलंय. आणि अमेरिकेतनं आलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा स्वस्तात मिळत असेल तर आधी सिमचा ट्रे बघा, त्या मॉडेलना ट्रेच नाही, फक्त ई-सिम.

अँड्रॉइडमध्ये एवढं सगळं सरळ दिसत नाही. तिथं दुकानात बसूनच दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ शूट करा, तेवढ्यात टक्के धाडधाड उतरले किंवा फोन तापला तर कळतंच.

पाण्याचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेनं काय केलं ते बघितलंय, शिवाय दर पावसाळ्यात गाडीवर भिजलेले फोन आहेतच. आयफोनला आणि बऱ्याच सॅमसंगना सिमच्या खाचेत एक पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते. ट्रे काढून टॉर्चनं आत बघायचं. आणि रिफर्बिश्डवाल्यानं "वॉटरप्रूफ आहे" म्हटलं तर सोडून द्या, एकदा उघडलेल्या फोनचं सील पहिल्यासारखं राहिलंय याची खात्री कोण देणार. इथं न उघडलेला सेकंड हँड उलट थोडा बरा.

चोरीच्या मालाची भीती मात्र सेकंड हँडला जास्त, विशेषतः अनोळखी माणसाकडनं घेताना. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येतो, तो बॉक्सवरचा, बिलावरचा आणि फोनमधला एकच पाहिजे. मग इंग्रजीत केवायएम, एक स्पेस, आयएमईआय असा मेसेज १४४२२ ला पाठवा नाहीतर सरकारच्या संचार साथी साइटवर टाका. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं तर तिथनं निघा. चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, आणि माहीत नसताना घेतला तरी फोन पोलीस घेऊन जाणार आणि तुमचे पैसे बुडणार. म्हणून अनोळखी माणसाकडनं घेताना आयएमईआय घालून एक कागद लिहून घ्या, सही घ्या आणि पैसे यूपीआयनंच द्या.

लॉकचं दोन्हीकडं बघायचं. विकणाऱ्याला समोर बसवून जुनं गुगल खातं काढायला लावा आणि मग रिसेट मारा, आयफोन असेल तर आधी फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची आणि लॉक करायची सोय) बंद. रिसेटनंतर जुन्या मालकाचा मेल मागितला तर तो फोन तुमच्या काही उपयोगाचा नाही. आणखी एक, हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं लॉक अ‍ॅप असू शकतं. हप्ते थकले की फोन लॉक, आणि तोपर्यंत तो तुमच्या हातात आलेला असतो. हप्ते फिटल्याची एनओसी मागायला लाजू नका.

अपडेटचं गणित दोघांचं सारखंच, मोजणी तुम्ही घेतल्यापासून नाही, मॉडेल बाजारात आल्यापासून होते. गुगलचा पिक्सेल ६ए जुलै २०२२ ला आला, त्याचे सिक्युरिटी अपडेट जुलै २०२७ पर्यंतच, मग तुम्ही तो कधी पण घ्या. शिवाय बॅटरी तापण्याच्या भानगडीमुळं गुगलनं २०२५ मध्ये त्यातल्या काही फोनची क्षमता ४०० चार्जिंग सायकलनंतर अपडेट टाकून कमी केली. कॅमेरा भारी आहे म्हणून तो रिफर्बिश्डमध्ये घेणाऱ्यानं हे आधी वाचावं.

ओपन बॉक्स म्हणून तिसरंच एक विकतात. खोकं फुटलं, गिऱ्हाइकानं परत केला, फोन जवळपास नवा. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल आणि बिल असेल तर तो या दोघांपेक्षा चांगला, पण आपल्या बजेटात फार मिळत नाही.

मग घ्यायचा कोणता? ओळखीच्या माणसाचा, एकहाती वापरलेला, बॉक्स-बिलासकट आणि न उघडलेला सेकंड हँड मिळत असेल तर मी तोच घेईन, कडा घासलेल्या असल्या तरी, आणि वाचलेल्या पैशात बॅटरी बदलून टाकेन. असा माणूस सापडत नसेल तर रिफर्बिश्ड, पण लेखी वॉरंटीचा, आणि त्यात पण सगळ्यात खालचा ग्रेड. ऑनलाइनवाले फेअर, गुड, सुपर्ब असं जे लावतात ते मुख्यतः वरच्या दिसण्याचं असतं, तपासणी आणि वॉरंटी तीच, आणि ओरखडे कव्हरखाली जातात. दुकानातनं घेणार असाल तर बिलावर "रिफर्बिश्ड", आयएमईआय, काय बदललं आणि वॉरंटी किती महिन्यांची हे चारही लिहून घ्या. पुढं दुकानदारानं हात वर केले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथं बोलताना हातात हेच बिल लागतं. लिहून द्यायला तो का-कू करत असेल तर साडेदहावाल्याचा भाव दहावर आणा.