दमण आणि दीव : जोडीने घेतली जाणारी दोन दूरची गावे

दमण आणि दीव ही नावे इतकी वर्षे जोडीने घेतली गेली आहेत की पुष्कळांना ती शेजारशेजारच्या दोन बेटांची नावे वाटतात. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये खंबायतचे आखात पसरलेले आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 200 किलोमीटर भरते. रस्त्याने मात्र आखाताला वळसा घालून भावनगर आणि उना या बाजूने जावे लागत असल्याने ते त्याच्या तिपटीच्या घरात जाते. शिवाय दमण हे बेट नाहीच. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या दक्षिण काठावर मोटी दमण आणि उत्तर काठावर नानी दमण वसले आहे. दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाजवळचे, मुख्य भूमीपासून अरुंद खाडीने तुटलेले बेट असून, त्याच जिल्ह्यातला घोघला हा भाग मात्र पलीकडच्या किनाऱ्यावर आहे.

पोर्तुगिजांना ही ठाणी निरनिराळ्या कारणांसाठी हवी होती. दीव हवे होते ते समुद्रासाठी, कारण तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या व्यापाराचा तो नाका होता. 1509 मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेदाने इथल्याच समुद्रात इजिप्तचे मामलुक सुलतान, गुजरात आणि कालिकत यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला, तरी बेटावर पाय रोवायला 1535 साल उजाडले. हुमायूनच्या स्वारीने जेरीस आलेल्या सुलतान बहादुरशहाने तेव्हा किल्ला बांधण्यास परवानगी दिली. दोनच वर्षांनी हाच सुलतान दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. पुढे 1538 आणि 1546 असे दोन मोठे वेढे किल्ल्याने सोसले. खडकात खोदलेला खंदक आणि समुद्राकडे तोंड करून असलेल्या तोफा पाहताना हा सगळा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि माझ्या मते दोन्हींतला पाहण्याजोगा किल्ला हाच.

दमण 1559 मध्ये घेतले गेले आणि त्याची ओढ नेहमी मागच्या मुलखाकडे राहिली. तिथल्या जंगलातल्या सागामुळे दमणची जहाजबांधणी नावाजली होती. वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली, तरी दमण पोर्तुगिजांकडेच राहिले आणि 1779 च्या तहानंतर पेशव्यांकडून मिळालेला नगरहवेलीचा मुलूख त्याच्याशी जोडला गेला. 1954 मध्ये हा मुलूख मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला आठवत असेलच.

दमण आणि दीव दोन्ही मुक्त झाले ते डिसेंबर 1961 मध्ये, गोव्याबरोबर. 1987 मध्ये गोवा राज्य झाल्यावर मागे उरलेल्या या दोघांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला, आणि 26 जानेवारी 2020 पासून दादरा व नगरहवेलीसह तिन्हींचा एकच प्रदेश असून त्याची राजधानी दमण आहे. नावांतला ‘आणि’ हा असा कारभाराच्या सोयीचा आहे.

पर्यटकाला फरक पाण्यातच दिसतो. दमणचा समुद्र आखाताच्या गाळाने मातकट असतो आणि ओहोटीला दूरवर मागे सरतो. जांपोरचा किनारा फिरायला बरा, पोहण्याची फारशी आशा धरू नये. दीवला नागवाची अर्धचंद्राकृती वाळू, नायडा गुहा आणि 9 डिसेंबर 1971 रोजी बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. मुंबईहून वापीला उतरून दमण एका दिवसात पाहता येते, दीवसाठी मात्र सोमनाथ किंवा गीरच्या प्रवासाची जोड द्यावी.