पुस्तकाआधी एक कथा: परदेशस्थ लेखकांसाठी माहितीपत्रक

परदेशात राहणारे लेखक आमच्याकडे हस्तलिखित पाठवतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, पुस्तक कधी निघेल? आम्ही संपादन आणि अनुवादाचं काम करतो, त्यामुळे त्यामागची उत्सुकता आम्हाला कळते. तरी आमचा पहिला सल्ला असा असतो: हस्तलिखितातली सर्वात चांगली कथा निवडा आणि आधी एखाद्या साहित्यिक नियतकालिकाकडे पाठवा.

भारतीय वंशाच्या अमेरिकी लेखिका झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' या पहिल्या कथासंग्रहाला २००० साली पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक असतं. त्यातल्या नऊपैकी तीनच कथा आधी 'न्यूयॉर्कर' या नामांकित अमेरिकी नियतकालिकात आल्या होत्या, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बाकीच्या सहा 'एपॉक', 'सॅलमँडर', 'हार्वर्ड रिव्ह्यू', 'लुइव्हिल रिव्ह्यू', 'स्टोरी क्वार्टर्ली' अशा कमी खपाच्या अंकांत विखुरलेल्या होत्या. शीर्षककथा छापली ती 'अग्नी' नावाच्या अमेरिकी नियतकालिकाने. त्या संपादकांनी एकेक कथा वाचून जागा दिली, पुस्तक नंतर आलं.

जिथे अशी जागा नव्हती तिथे आपल्या लोकांनी ती स्वतः तयार केली. १९४० साली, महायुद्ध चालू असताना, लंडनमधल्या भारतीय लेखकांनी 'इंडियन रायटिंग' हे नियतकालिक काढलं. ते जेमतेम दोन वर्षं चाललं. १९८१ मध्ये एम. जी. वसनजी आणि नूरजहान अझीझ यांनी कॅनडात 'टोरांटो साउथ एशियन रिव्ह्यू' सुरू केलं. वसनजी भारतीय वंशाचे लेखक, पण जन्म नैरोबीचा, बालपण दार-ए-सलामचं, म्हणजे दोन्ही पूर्व आफ्रिकेतलं. 'दक्षिण आशियाई' म्हणजे थेट भारतातून विमानाने आलेला माणूस, एवढाच अर्थ त्यांना पुरणारा नव्हता. पुढे त्या नियतकालिकातूनच त्यांची प्रकाशनसंस्थाही उभी राहिली. लंडनचं 'वसाफिरी' १९८४ चं. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ प्रवासी. त्यात आफ्रिकी, कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई लेखन शेजारी शेजारी येत राहिलं, आणि हा शेजार आम्हाला फार मोलाचा वाटतो. आणि मराठीतच लिहायचं असेल, तर टोरांटोहून सुरू झालेलं 'एकता' हे त्रैमासिक आहेच.

चांगला संपादक नेमकं काय करतो, याचा एक अनुभव सांगतो. आमच्या एका लेखिकेची कथा सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेल्या आईची होती. एका प्रकाशकाकडून शेरा आला: प्रत्येक मराठी शब्दाचा अर्थ द्या, आणि आई उपास का करते तेही समजावून सांगा. तिने सांगितलं तसं केलं आणि कथा मेली. पुढे एका छोट्या नियतकालिकाच्या संपादकाने ते सगळे खुलासे काढायला लावले. आई बोलते तशीच बोलू दे, वाचक समजून घेईल, असं त्याने कळवलं. दोन पानं कमी झाली आणि कथा पुन्हा उभी राहिली. परक्या देशात लिहिणाऱ्याला असा विश्वास मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता व्यवहाराचं. बरीच नियतकालिकं एकच कथा एकाच वेळी इतरांकडे पाठवू देतात, पण कुठे स्वीकारली गेली तर बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. फेसबुकवर किंवा ब्लॉगवर टाकलेली कथा अनेक ठिकाणी 'प्रसिद्ध झालेली' धरतात, म्हणून थोडा धीर धरा. सहसा पहिल्या प्रसिद्धीचाच हक्क मागितला जातो. सर्व हक्क कायमचे मागितले तर सही करण्याआधी आम्हाला करार दाखवा. अनुवाद पाठवायचा असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी हवी. मानधन बेताचं असतं, कधी नुसती अंकाची प्रत मिळते. उत्तर यायला काही महिने लागतात, आणि बऱ्याचदा ते 'साभार परत' असतं. ती कथा वाईट आहे असा त्याचा अर्थ लावू नका. लगेच पुढच्या ठिकाणी पाठवा.

कथा निवडणं, तिचं संपादन, अनुवाद आणि योग्य अंक सुचवणं ही कामं आम्ही करतो. सुचवण्याआधी त्या नियतकालिकाचे किमान दोन अंक आम्ही स्वतः वाचतो. छापून येईलच अशी हमी आम्ही देत नाही, आणि पैसे घेऊन तशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा. हस्तलिखित पाठवताना त्यातलं काही आधी कुठे प्रसिद्ध झालं असेल, तर पहिल्याच पानावर तसं लिहा.