आकडे अ‍ॅडजस्ट केले म्हणजे बायस गेला का?

अमुक पेय पिणाऱ्यांमध्ये तमुक कर्करोग जास्त आढळला, अशी बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं: ‘वय, धूम्रपान, उत्पन्न या बाबी विचारात घेतल्यावरही हा संबंध कायम राहिला.’ यालाच आकडे ‘अ‍ॅडजस्ट’ करणं म्हणतात. एवढं वाचलं की आपण निर्धास्त होतो. पण त्या वाक्याचा संबंध फक्त कन्फाउंडिंगशी, म्हणजे तिसऱ्याच घटकामुळे दोन गोष्टींत दिसणाऱ्या संबंधाशी असतो; बायसशी, म्हणजे अभ्यासाच्या पद्धतीतूनच शिरणाऱ्या चुकीशी नाही. दोन्हींमुळे अभ्यासाचं उत्तर चुकतं, म्हणून बोलण्यात दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. कन्फाउंडिंग हा बायसचाच एक प्रकार, असं मांडणारेही आहेत. त्या मांडणीला माझा विरोध नाही, पण एखादा अभ्यास तपासायला घेतला की दोन्ही वेगळी धरावी लागतात, कारण त्यांचा उगम वेगळ्या जागी असतो.

कन्फाउंडिंग जगातच असतं, अभ्यास कोणी करो वा न करो. चौथ्या-पाचव्या अपत्यात डाउन सिंड्रोम या जन्मजात गुणसूत्रदोषाचं प्रमाण पहिल्या अपत्यापेक्षा जास्त दिसतं. हे दिसणं खोटं नाही. मोजणी अगदी चोख केली तरी तेच दिसेल. पण पाचव्या बाळंतपणापर्यंत आईचं वय वाढलेलं असतं, आणि धोका वाढतो तो वयामुळे: विशीत साधारण दीड हजार जन्मांत 1, तर चाळिशीत साधारण 100 जन्मांत 1. एकाच वयोगटातल्या आयांची आपसात तुलना केली की अपत्य कितवं याला जवळजवळ काही अर्थ उरत नाही. इथे निरीक्षण बरोबर होतं, त्यातून काढलेलं कारण चुकलं. आणि आईच्या वयाची नोंद हाताशी असल्यामुळे ती चूक आकडेमोडीत दुरुस्तही झाली.

बायस मात्र आपल्या बघण्याच्या पद्धतीतून येतो. कोणाला निवडलं, काय विचारलं, कोण मध्येच गळालं, यातून जगात नसलेला संबंध कागदावर उमटतो, किंवा असलेला पुसला जातो.

याचं माझ्या मते सर्वात शिकण्यासारखं उदाहरण 1981 सालचं आहे. हार्वर्डच्या ब्रायन मॅकमोहन आणि सहकाऱ्यांनी कॉफी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा संबंध असल्याचं प्रसिद्ध केलं. दिवसाला तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये धोका 2.7 पट दिसत होता, आणि तो धूम्रपानाचा हिशेब करूनही. म्हणजे कन्फाउंडिंगकडे लक्ष दिलेलं होतं. घोटाळा तुलनेच्या गटात होता. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण त्याच डॉक्टरांकडे त्याच सुमारास दाखल झालेले होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडे इतर रुग्ण कोणते येणार? पोटाचे, आतड्यांचे. अशा माणसांनी त्रास होतो म्हणून स्वतःहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉफी आधीच कमी केलेली असण्याची शक्यता मोठी. कर्करोगाचे रुग्ण कॉफी जास्त पीत होते असं नव्हे. ज्यांच्याशी तुलना केली तेच कमी पीत होते. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही.

आता या आकड्यांत धूम्रपानाबरोबर वय, शिक्षण, उत्पन्न, वजन असे आणखी दहा घटक अ‍ॅडजस्ट केले असते तरी काय झालं असतं? काहीच नाही. जी माणसं निवडलीच गेली नाहीत, ती कोणत्याही समीकरणातून परत येत नाहीत. बायस टाळायचा तो अभ्यास आखतानाच: तुलनेचा गट त्याच लोकसंख्येतून घेणं, आजार होण्याआधीच्या नोंदी वापरणं, मुलाखत घेणाऱ्याला समोरचा आजारी की निरोगी हे कळू न देणं. नंतर करता येतो तो अंदाज, की हा बायस आकडा कोणत्या दिशेला आणि किती ढकलू शकतो. कन्फाउंडिंगला आखणीत आणि विश्लेषणात दोन्हीकडे अटकाव करता येतो, अट एकच: तो घटक माहीत हवा आणि मोजलेला हवा. न मोजलेल्या घटकांवर भरवशाचा उपाय म्हणजे माणसांची गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी.

मोठ्या संख्येचा मोह दोन्हीकडे सारखाच फसवा आहे. दोन लाख माणसं घेतली तर योगायोगाचा भाग कमी होतो. चुकीची निवड तशीच राहते, आणि चुकलेलं उत्तर जास्त ठाम दिसतं.

प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेलीही सापडतात. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यास (ज्यांत कोणी काय घ्यायचं हे संशोधक ठरवत नाहीत, फक्त नोंदवतात) सांगत होते. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या प्रयोगात 16,000 हून अधिक स्त्रियांची यादृच्छिक विभागणी झाली आणि 2002 मध्ये उलट चित्र पुढे आलं: एकत्रित हार्मोन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन) घेणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण 29 टक्क्यांनी जास्त. आधीच्या अभ्यासांत हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे कन्फाउंडिंग. त्यांतल्या बऱ्याच जणी अभ्यासात येण्याआधीपासून हार्मोन घेत होत्या, त्यामुळे सुरुवातीच्या काळात ज्यांना झटका आला त्या हिशेबातच आल्या नाहीत, हा निवडीचा बायस. हार्मोन सुरू करतानाच्या वयाचाही काही वाटा मानला जातो. आणि तो 29 टक्क्यांचा आकडा ऐकून घाबरण्याआधी मूळ प्रमाण बघावं: दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला 30 ऐवजी 37.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या बाबतीत दोन्ही शंका जोरात घेतल्या गेल्या, आणि दोन्हींना वेगवेगळी उत्तरं द्यावी लागली. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांचा 1950 चा अभ्यास लंडनमधल्या रुग्णालयांतला, रुग्णांना त्यांच्या धूम्रपानाबद्दल विचारणारा. मुलाखत घेणाऱ्यांना कर्करोगाचा रुग्ण कोणता हे बहुधा ठाऊक असायचं, तेव्हा त्यांनी नकळत धूम्रपान जास्त नोंदवलं असेल, हा आक्षेप रास्त होता. पण काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं गेलं होतं आणि नंतर ते निदान चुकीचं ठरलं. नोंदीतच पक्षपात असता, तर यांचंही धूम्रपान कर्करोगाच्या रुग्णांइतकं नोंदलं गेलं असतं. ते निघालं कर्करोग नसलेल्यांसारखं. शिवाय 1951 पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आजाराआधीच लिहून घेतल्या, आणि तिथेही तोच संबंध दिसला.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची शंका दुसऱ्या जातीची होती: सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच जनुकीय घटकामुळे होत असतील तर? हे कन्फाउंडिंग, तेही न मोजलेलं. मुलाखती कितीही काटेकोर घेतल्या तरी याचं उत्तर मिळणार नव्हतं. ते 1959 मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी गणिताने दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांत धोका 9 पट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या घटकाचाच असेल, तर तो घटक सिगारेट ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान 9 पट जास्त आढळला पाहिजे. असा घटक आजवर कोणी दाखवू शकलेलं नाही.